काचेच्या मधोमध बसणारा गायक

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर मोटारींत स्पीकर बसवून देणाऱ्या गृहस्थांचे दुकान आहे. पाटीवर त्यांचे आडनाव व्यवस्थित लिहिलेले असूनही सारी गल्ली त्यांना दणकेशेठ म्हणते, आणि त्यांनाही त्यात भूषण वाटते. वूफर, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, बसवून झाला की ते डिकीत डोके घालीत, उजवा कान वूफरला जवळजवळ टेकवीत आणि आवाज पूर्ण वाढवीत. गाडीची नंबरप्लेट थरथरली, म्हणजे काम पसंत. उमेदीची सारी वर्षे त्यांनी अशीच काढली.

त्यापुढचे काम मात्र नाजूक असे. चालकाच्या जागेवर डोळे मिटून बसायचे आणि आसनाखालच्या अँप्लिफायरवरचे, डाव्या-उजव्या बाजूचा आवाज कमी-जास्त करणारे दोन स्क्रू हळूहळू फिरवायचे, ते गाणाऱ्याचा आवाज समोरच्या काचेच्या ऐन मध्यातून येईपर्यंत. या धंद्यात त्याला ‘गायक मधोमध बसला’ असे म्हणतात. हे काम त्यांनी कोणाच्या हाती दिले नव्हते. दुकानात भागीदार असलेल्या सख्ख्या मेहुण्याच्याही नाही.

गेल्या वर्षापासून तक्रारी येऊ लागल्या. “शेठ, तुमचा गायक उजव्या दाराला लटकलाय,” असे एक गिऱ्हाईक म्हणाले. मग दुसरेही तेच म्हणाले. दणकेशेठ गाडीत बसून ऐकत, तर गायक त्यांना बरोबर मधोमध बसलेला आढळे. याचा अर्थ त्यांनी आपल्यापुरता लावला: गाडी देताना मेहुणा स्क्रू बिघडवतो, आणि गाडी परत आली की आपण पोहोचण्याआधी गुपचूप जागेवर आणतो. आपल्याला वेड्यात काढून दुकान गिळण्याचा हा बेत आहे.

एकदा मनात किल्मिष शिरल्यावर पुराव्यांना काय तोटा? जेवताना उजव्या हाताला बसणारी बायको आणि तिचा भाऊ खालच्या आवाजात बोलतात, हे त्यांनी हेरले होते. कानात सतत बारीक शिट्टी वाजे. तीही घरातल्या फ्रीजची असावी, म्हणून त्यांनी फ्रीजचा प्लग काढून पाहिला होता. शिट्टी थांबली नाही. तेव्हा शेजाऱ्यांच्या फ्रीजवर ठपका आला.

अखेर त्यांनी सापळा लावला. दातांच्या डॉक्टरीणबाईंची गाडी जुळवून झाल्यावर दोन्ही स्क्रूंवर नेलपेंटचा ठिपका दिला. कोणी स्क्रू हलवला की ठिपका तडकणार. बाटली आपल्याच कपाटात कुलूपबंद केली आणि हा बेत विश्वासाने मला सांगितला.

बाई परत आल्या, त्या वेळी मी दुकानातच बसलो होतो.

“शेठ, गायक उजवीकडेच आहे हो. माझ्या खांद्यावर बसून गातोय.”

दणकेशेठांनी मेहुण्याला हाक मारली. “या, मेहुणेबुवा. तुमची कारागिरी बघू.”

“माझी? मी तर गाडीला हातही लावला नाही, दाजी.”

“ते कळेलच आता.”

त्यांनी आसनाखाली बॅटरीचा झोत टाकला. दोन्ही ठिपके अखंड होते. ते बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग त्यांची संशयी नजर बाईंकडे वळली.

“मॅडम, हे तुम्हाला कोणी बोलायला सांगितलं?”

“मला? अहो, मी दवाखाना सोडून आलेय.”

त्यांचा विश्वास बसला नाही. बाईंचे खोटे पकडायचे म्हणून ते आसनावर चढून पाठमोरे बसले, तोंड मागच्या काचेकडे. गाणे तेच, स्क्रू तेच. गायक खरोखरच मध्यावर असता, तर डोके फिरवल्याने तो जागचा हलायला नको होता. तो हलला. सरळ जाऊन उजव्या दाराला चिकटला. ते पुन्हा पुढे तोंड करून बसले. गायक मधोमध आला. पुन्हा मागे वळले. गायक दाराशी गेला.

“दाजी, काय झालं?” मेहुण्याने विचारले.

“गाणं बंद कर,” एवढेच ते म्हणाले.

उजवा कान अधू झाला होता. त्या बाजूचे कमी ऐकू येई, म्हणून ते ती बाजू वाढवीत गेले होते; मागे वळले, की चांगला कान त्या वाढवलेल्या बाजूला येई.

कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, की जे गेले ते परत येणार नाही. उरलेले राखायचे असेल तर मोठ्या आवाजापासून दूर राहा. त्या डॉक्टरांचीही मेहुण्याशी ओळख आहे काय, याची चौकशी दणकेशेठांनी केली. मगच दुसऱ्या दिवशी दुकान उघडले.

आता डिकीत डोके घालणे बंद आहे. वूफरची चाचणी गाडीबाहेर दूर उभे राहून, कानांवर आवाज अडवणारे जाड मफ चढवून होते. गाडीत बसून कोणी आवाज फार वाढवला, की ते शेजारच्या आसनावर बसून साध्या सुरात काहीतरी बोलतात. गिऱ्हाइकाने “काय?” असे विचारले, की म्हणतात, “आवाज कमी करा. माझं बोलणं ऐकू येईपर्यंत करा. आणि कानात शिट्टी वाजायला लागली, तर फ्रीज तपासत बसू नका.”

स्क्रू मात्र त्यांनी मेहुण्याच्या स्वाधीन केले. पहिली गाडी जुळवून तो बाहेर आला, तेव्हा दणकेशेठ दाराशी उभे होते.

“बसला?”

“बसला.”

“मधोमध?”

“मधोमध, दाजी.”

ते गाडीत शिरले आणि मागच्या काचेकडे तोंड करून बसले. नंतर पुढे तोंड केले. त्यांच्या कानांच्या हिशेबाने गायक आता डाव्या दाराशी जाऊन बसला होता. तो तिथेच राहू देण्यास त्यांना फार कष्ट पडले; पण त्यांनी स्क्रूला हात लावला नाही.

“देऊन टाक गाडी,” ते म्हणाले.