कुत्र्याची कातरणी

ऐका हो ऐका! समस्त दोनपायी आणि चारपायी प्रजेस कळविण्यात येते की, सोनईजवळच्या एका शाळेतील मास्तरांनी उन्हाळ्यावर कायमचा उपाय शोधून काढला आहे!

मास्तर म्हणजे मी. वय बावीस, आणि समोर दोन माणसे बसली की मला भाषण फुटे.

महायुद्ध संपल्यावर नगरच्या छावणीतला एक गोरा साहेब मायदेशी निघाला. जाताना आपले झिपरे, मेंढ्या राखणाऱ्या जातीचे कुत्रे त्याने एका धनगराला देऊन टाकले. थंड मुलखातले जनावर, आमच्या उन्हात आठवडाभर टिकणार नाही, असे सगळे म्हणाले. धनगराने ते दोन उन्हाळे टिकवले. होळीपासून तो त्याला रोज थोडे थोडे उन्हात हिंडवी. ऊन चढायच्या आत कळप सावलीला आणी. बाभळीखाली खड्डा खणून त्यात पाणी शिंपडी. कुत्रे दुपारभर तिथे पोट टेकून पडे. भाकरी फक्त संध्याकाळी, दिवसा पातळ ताक. माळावर लांडगे फार. सारा कळप त्या एका कुत्र्याच्या भरवशावर होता.

तिसऱ्या चैत्रात मेंढ्यांची कातरणी चालली होती. बघायला गाव जमले होते. एवढी आयती सभा मी कशाला सोडतो?

"मेंढ्यांचं ओझं उतरवतोस, आणि या मुक्या जिवाला घोंगडी पांघरून उन्हात पळवतोस? काय न्याय आहे हा!"

"मास्तर, कुत्र्याला कुनी कातरतं व्हय?" धनगर म्हणाला. "त्येचं त्येला बरं हाय."

"वा! म्हणजे मेंढीला उकडतं आणि कुत्र्याला थंडी वाजते!"

गाव खदखदून हसले. धनगर ओशाळला. शिकलेला माणूस चारचौघांत सांगतो म्हणजे खरे असेल, असे वाटले असावे. त्याने कातर उचलली.

केसांखालून गुलाबी कातडे निघाले. "मास्तर, मुंज लागली की वो कुत्र्याची!" कोणीतरी ओरडले. "आता भिक्षावळ काढा!" मी कमरेत वाकून मुजरा केला. केसांचे गाठोडे बांधून घरी नेले आणि शाळेतल्या खुर्चीसाठी मऊ गादी शिवून घेतली. विजयाची खूण.

ते केसच ऊन अडवत होते, हे मला कुठे ठाऊक! तिसऱ्या दिवशी कुत्र्याच्या पाठीवर फोड उठले. धनगरणीने ओले फडके टाकले. मेंढी भरकटली की फडके झटकून कुत्रे तिच्यामागे धावे. बांधून ठेवले तर दावे कुरतडी. पाचव्या दुपारी ते कळपाला वळसा घालता घालता कोसळले. तोंडात पाणी घातले, ते तसेच बाहेर आले.

मला शाळेत कळले. वाटेत मी सांत्वनाचे भाषण जुळवले, खोटे कशाला सांगू. बाभळीखालचाच खड्डा धनगर आणखी खोल करत होता. कुत्रे शेजारी पडले होते. "होणारं चुकत नाही, बाबा," मी सुरुवात केली. मी तेव्हा नुकताच त्या गादीवरून उठून आलो होतो.

धनगरण एकदम बोलून गेली, "मास्तर, त्येचे केस आना आदी! असं उघडं कसं पुरू त्येला?"