मला शंकू केलं तेव्हा

“हलायचं नाही. तू आता शंकू आहेस.”

हे मला नितीन म्हणाला. जव्हारच्या शेठचा मुलगा. हायस्कुलात एका बाकावर बसायचो आम्ही. माझ्या डब्यातली नागलीची भाकर त्याने कैकदा खाल्लेली.

आता त्याच्याकडे मारुती आठशे होती. मागची सीट काढलेली, टायर रुंद, गाडी खाली दबवलेली. मुंबईचे त्याचे मित्र तसल्याच गाड्या घेऊन आलेले. मैदानात लाल प्लॅस्टिकचे शंकू मांडायचे, त्यांच्यामधून एकालाही धक्का न लावता गाडी नागमोडी काढायची, हँडब्रेक खेचून गर्रकन फिरवायची. असा तो खेळ. रविवारी लोकांना दाखवायचा होता. शंकू कमी पडले. मग रिकाम्या जागी आम्हाला उभं केलं. जवळच्या दाभोशाची, जामसरची माणसं. मी तेव्हा दाभोसा-जव्हार जीप चालवायचो, मालकाची.

मी का उभा राहिलो? खोटं कशाला बोलू. नितीन म्हणालेला, “सराव संपला की तुला एक राउंड चालवायला देतो.” त्या एका राउंडसाठी उन्हात खांबासारखा उभा होतो. गाडी हातभर अंतरावरून जायची. तोंडात धूळ, पायांवर खडे. भीती वाटायची, पण त्याहून जळफळाट जास्त. अरे, काय फिरवायचा तो! जीव जळायचा नुसता. त्याने हँडब्रेक खेचला की माझी मूठ आवळायची. मनातल्या मनात मीच चालवत होतो. आणि तो चुकावा, एखादा शंकू उडावा, असंही वाटायचं. शंकूंमध्ये मीही होतो, हे डोक्यातच आलं नाही.

सराव संपला. मी गाडीच्या दाराशी गेलो. नितीनने माझ्या धुळीच्या पायांकडे पाहिलं. म्हणाला, “सीट नवीन आहे रे. पुन्हा कधीतरी.” आणि मुंबईच्या मित्रांसोबत आलेल्या एकाला स्टीअरिंगवर बसवलं. त्याला धड क्लच सोडता येत नव्हता.

घरी आईने विचारलं, “बसवला का रं तुला गाडीत?”

मी म्हणालो, “जेवायला वाढ.”

रविवारी सगळं जव्हार लोटलं. मास्तर, ऑफिसातले साहेब, बायका. माझ्या जीपला लटकून येणारे लोकही. नितीन गाडीतून ओरडला, “ए, जागेवर!”

मी जागा सोडली. त्याच्या बॉनेटसमोर जाऊन उभा राहिलो.

“आधी माझा राउंड.”

“वेडा झालास काय? तू जीपमध्ये शेळ्या भर. हे तुला झेपायचं नाही.”

लोक हसले. माझेच लोक हसले. कानशिलं तापली. आणि तिथंच लख्ख कळलं. मी असा उभा राहत गेलो, तर मला कोणी कधी बसवणार नाही.

“मग तुझे शंकू तूच विकत आण,” म्हणालो आणि चालू पडलो. शंकू झालेल्या बाकीच्यांपैकी मागून कोणी आलं नाही. त्यांना उभं राहायचं म्हणून दुपारचं जेवण मिळणार होतं. माझ्या जागी डांबराचा रिकामा डबा ठेवला. खेळ झाला. टाळ्याही पडल्या. माझ्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

नितीनवर मी अजून जळतो. त्याच्या गाडीवर, त्याच्या हातावर, त्याच्या त्या हसण्यावर. लोक म्हणतात, सोडून दे. का सोडू? जळतो म्हणून तर कळतं, मला काय पाहिजे. मला स्टीअरिंग पाहिजे. स्वतःच्या गाडीचं. ते मी घेणारच. आणि माझं रिंगण मांडीन तेव्हा त्यात एकही जिवंत माणूस उभा करणार नाही.