हरळी आणि बायकांचा तास

पाचगणीच्या इंग्रजी शाळेत आम्ही रोज संध्याकाळी टेबललँडच्या पठारावर चालायला जायचो. मॅट्रिक होऊन घरी आले आणि माझं चालणं मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत येऊन थांबलं. अठ्ठावीस पावलं. आई म्हणायची, "बस की जरा एका जागी. बघणाऱ्याला भोवळ येते."

वडील म्युनिसिपालिटीत ओव्हरसियर होते. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या छोट्या गावात पहिली सार्वजनिक बाग करायचं काम त्यांच्याकडे होतं. जागा जुन्या बैलबाजाराची, मुरमाड. बागेत रोज दुपारी चार ते पाच या वेळात पुरुषांना बंदी, तो तास बायकांचा, असं ठरलं होतं. माझा सगळा जीव त्या तासात अडकला होता. पण हिरवळ दोनदा लावून दोनदा जळली, आणि कमिटीनं बजावलं की श्रावणापर्यंत गवत धरलं नाही तर जागा परत बाजाराला जाईल.

हिरवळ म्हणजे साधी हरळी. म्हातारा माळी कपाळावर हात मारायचा. "आवं सायेब, रानातली हरळी खणून काढण्यात माजा जल्म गेला. आता लावायची म्हटलं तर मेली उगवना!"

वैशाखात आटपाडीकडचे मेंढपाळ कोकणातून पूर्वेला परतताना गावाबाहेर उतरले. माळी म्हणाला, "चार रात मेंढरं बसवा. लेंड्यांचं खत पडंल, मग बघा."

"बाग आहे ती, वावर नाही," वडील म्हणाले.

बागकामाचं एक इंग्रजी पुस्तक त्यांनी पुण्याहून मागवलं होतं. रोज संध्याकाळी मी ते वाचून मराठीत सांगायची. त्या दिवशी वाचता वाचता मी म्हटलं, "अण्णा, इंग्लंडातल्या बागांत मेंढ्या ठेवतात."

"असं लिहिलंय?"

"हो." पुस्तकात तसं काही नव्हतं. शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात लंडनच्या बागेत चरणाऱ्या मेंढ्यांचं चित्र होतं, तेवढंच. मी पानावर अंगठा ठेवला. यापूर्वी मी त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते.

मेंढ्या बसल्या. मेंढपाळांतली एक बाई आमच्या मागच्या दारी पाण्याला यायची. तिनं विचारलं, "तितं काय होणार वो, ताईसाब?"

"बाग. बायकांना फिरायला."

"फिरून जायाचं कुटं?"

"कुठं नाही. गोल फिरायचं आणि घरी यायचं."

"आगं आई गं! आन् त्येच्यासाटी कुंपण?" ती इतकी हसली की डोक्यावरची घागर हिंदकळली. मला राग आला.

श्रावणात हरळी गच्च धरली. वडिलांनी अहवालात लिहिलं, 'इंग्रजी पुस्तकात सांगितल्याप्रमाणे.' बाग उघडली. पहिले काही दिवस मी पाच वाजेपर्यंत फेऱ्यांवर फेऱ्या घालत राहिले. बाकीच्या बायका हिरवळीवर बसायच्या. मग एक दिवस मामलेदारीणबाई बसल्या आणि किंचाळून उठल्या. मेंढ्यांच्या लोकरीतून गोखरूचं बी आलं होतं, आणि आता त्या वेलींना काटेरी फळं धरली होती. सगळ्या अनवाणी. पदरात, टाचेत, पोरांच्या गुडघ्यांत काटे.

"ओव्हरसियरांनी बाग केली का सापळा?"

"अगं, घरचे काटे काय कमी होते, म्हणून इथं यायचं!"

आठवडाभरात बायकांचं येणं थांबलं. माझ्या पायात शाळेचे कॅनव्हासचे बूट होते, पण एकट्या मुलीला फिरायला कोण सोडणार? बायका येत नाहीत तर तास कशाला, अशी कमिटीत कुजबुज सुरू झाली.

मी माळ्याकडून खुरपं मागून घेतलं. काम करणाऱ्या मुलीला कोणी एकटी म्हणत नाही. चार वाजता फाटकापासून सुरुवात करायची आणि उकिडवी सरकत जायचं. गोखरूचं पिवळं फूल दिसलं की मुळासकट उपटायचं.

तिसऱ्या दिवशी पाच वाजून गेल्यावर वडील आले. काखेत ते पुस्तक होतं.

"यात गोखरूचं काय लिहिलंय?"

"काही नाही."

"आणि मेंढ्यांचं?"

मी खुरप्याची माती पुसत राहिले. "तेही नाही, अण्णा."

पुस्तक बाकावर ठेवून ते म्हणाले, "अहवाल माझ्या सहीनं गेलाय." आणि मग खुरपलेल्या जागेकडे बघत, "दसऱ्यापर्यंत तास ठेवायला सांगतो. त्यापुढं माझं काही चालणार नाही."

धोतर आवरून ते माझ्या शेजारी बसले आणि हातानंच गोखरू उपटू लागले. त्यांना ते येत नव्हतं, बोटांत काटे जात होते. अर्धी बाग अजून राहिली होती. मी पुढं सरकले. कुंपणाजवळ पोचले तेव्हा तारांपलीकडे, मेंढपाळ गेले तो पूर्वेचा रस्ता दिसला. क्षणभर बघितलं आणि पुन्हा खाली वाकले. दसऱ्याला थोडेच दिवस होते.