उतार, दोन सुतार आणि एक नारळ

किचनची खिडकी रस्त्याकडे असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. चहा उकळेपर्यंत एखादा समोर घडतोच. आमच्या मिनेसोटातल्या ईडन प्रेरीच्या गल्लीतले यंदाचे सगळे लाकडाचे.

*

समोरच्या मिलिंदची आई नागपूरहून यायची होती. व्हीलचेअरवर, आणि दारात पायऱ्या. मिलिंद फोनवर म्हणाला, "आई, आम्ही दोघं तुला उचलून आत घेऊ."

आजी म्हणाल्या, "उचलून माणसाला घराबाहेर नेतात रे. आत मी तशी यायची नाही."

झालं. पायऱ्यांवर लाकडी उतार, म्हणजे रॅम्प, हवाच.

*

कॉन्ट्रॅक्टर ठरला. तेवढ्यात कॅनडाच्या लाकडावरचं टॅरिफ, म्हणजे आयात शुल्क, वाढलं आणि त्याने नवा भाव पाठवला. मिलिंदने तो वाचून लॅपटॉपच मिटला आणि मला म्हणाला,

"काकू, भांडतात दोन देश, आणि पायरीशी अडकते माझी आई."

*

गल्लीतही दोन देश आहेतच. डावीकडचा डग मूळचा कॅनडाचा, त्याचा भाऊ तिकडे लाकूडगिरणीत. उजवीकडचा गॅरी इथला, त्याचा मुलगा इथल्या गिरणीत. एक म्हणतो, "भावाची शिफ्ट बंद पडली." दुसरा म्हणतो, "मुलाची सुरू झाली." दोघंही खरे, म्हणून बोलणंच बंद. पूर्वी एकमेकांचा ड्राइव्हवे साफ करायचे. आता बर्फाचं फावडं बरोबर हद्दीवर थांबतं.

*

मला कुठलं गप्प बसवतंय. दोघांकडे पोहे घेऊन गेले आणि आजींचं वाक्य जसंच्या तसं सांगून आले.

शनिवारी डगने स्वतःच्या घरामागचा लाकडी डेक उखडून फळ्या आणल्या. गॅरीने मुलाच्या गिरणीतले नवे खांब आणले. अबोला मात्र तसाच.

"मिलिंद, गॅरीला सांग, स्क्रू तिरका जातोय."

"मिलिंद, डगला सांग, मला डोळे आहेत."

बिचारा मिलिंद दिवसभर दुभाषा, इंग्रजीतून इंग्रजीत! पण रॅम्प असा झाला, की व्हीलचेअरवर पाण्याने भरलेला पेला ठेवून ढकला, थेंब सांडणार नाही.

*

आजी आल्या. रॅम्पच्या पायथ्याशी त्यांनी खुर्ची थांबवली.

"सुतारांचा मान केला का?"

सुताराला नारळ दिल्याशिवाय त्या नव्या कामावर पाऊल ठेवत नाहीत. मिलिंदच्या घरात नारळ एकच. आजींनी तो तिथेच फोडायला लावला, एकेक वाटी दोघांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता ढकला."

एक हँडल डगने धरलं, दुसरं गॅरीने. खुर्ची वर सरकू लागली. निम्म्यावर डगने हातातली वाटी निरखून पाहिली आणि मिलिंदला मध्ये न घालता विचारलं,

"गॅरी, हा नारळ काही मिनेसोटातला नाही. टॅरिफ तू भरतोस की मी?"