कातळाखालचं पाणी आणि फुकटचं सॉफ्टवेअर

मी किस्से सांगायला बसलो की प्राची म्हणते, "सर्व्हेचा रिपोर्ट दोन पानांचा, आणि तुमचं पुराण बघा!" काय करणार? रिपोर्टात फक्त आकडे मावतात. बाकीचं सगळं माझ्याकडे साचत जातं.

आम्ही तिघं. सावंत सर, भूशास्त्राचे निवृत्त मास्तर. प्राची, घण मारणारी. आणि मी मांडवीचा, लॅपटॉपवाला. देवरूखच्या वरच्या अंगाला एका वाडीसाठी बोअरची जागा शोधायची होती. एकच बोअर मंजूर, म्हणजे आम्ही चुकलो की वाडी पुन्हा कोरडी. फणसावर थाप मारून आतलं ओळखतात ना, तसंच हे काम. जमिनीवर घण मारायचा, हादरे जमिनीत ओळीने रोवलेल्या जिओफोनने टिपायचे आणि खाली काय दडलंय ते सॉफ्टवेअरकडून काढून घ्यायचं. याला म्हणतात इन्व्हर्जन. सॉफ्टवेअर ओपन सोर्स, म्हणजे फुकट आणि सगळ्यांना उघडं.

*

फुकट म्हटल्यावर बोअर मंजूर करणाऱ्या ऑफिसातले साहेब अडले. "लायसन्स कुठंय?"

सरांनी नेटवरून लायसन्स काढून प्रिंट केलं. साहेबांनी पानं उलटसुलट पाहिली. "ह्यावर शिक्का नाही!"

सर शांतपणे ग्रामपंचायतीत गेले आणि प्रत्येक पानावर गोल शिक्का मारून आणला.

"आता कसं!" म्हणत साहेबांनी सही ठोकली. सॉफ्टवेअर सगळ्या जगाचं, शिक्का आमच्या ग्रामपंचायतीचा!

*

घण पडताना जवळ कुणी चाललं तरी जिओफोन ते टिपतात. म्हणून "स्टॅच्यू!" ओरडलं की अख्खी वाडी जागच्या जागी थांबायची. एकदा नेमका तेव्हाच मुंबईचा एक चाकरमानी रिक्षातून उतरला. बघतो तर सगळे गप्प उभे. त्याने बॅग ठेवली, टोपी काढली, डोळे मिटले. घण पडला, वाडी हलली. त्याने हळूच शेजारच्या शेवंताकाकीला विचारलं, "कोण गेलं?"

"कोन न्हाय गेला रे! पानी हाय काय ते बगतायत. डोले उघड!"

*

एकदा जमिनीखालच्या थरांचं मॉडेल काही केल्या जमेना. दोन दिवस कोड तपासून मी रडकुंडीला आलो. शेवटी सॉफ्टवेअरच्या फोरमवर डेटा टाकला, सोबत जागेचा फोटो. परदेशातल्या एका डेव्हलपरचं उत्तर आलं, अगदी नम्र: "कोड ठीक आहे. सातव्या जिओफोनवर बसलेली म्हैस तुमच्या टीममध्ये आहे का?"

*

शेवटी उरल्या दोन जागा. सॉफ्टवेअरला दोन्ही सारख्याच पसंत! सर म्हणाले देवळामागे, प्राची म्हणाली रस्त्याकडे. दोघं एकमेकांशी बोलेनात. मग जमिनीत सळया ठोकून वीज सोडून पाहायचं ठरलं; खाली पाणी असेल तिथून ती सहज जाते. पण कातळ इतका सुका, की सळयांपाशी पाणी ओतल्याशिवाय वीज आत शिरेना.

तेवढ्यात शेवंताकाकी हंडा घेऊन वर आली. साठी उलटलेली, गुडघे गेलेले. लग्न होऊन आल्यापासून रोज तीन खेपा, खालच्या पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर. मी लाजत लाजत पाणी मागितलं.

"पानी शोधायला पानी लागतं?" तिने भरलेला हंडा खाली ठेवला. "घ्या. पन गावू दे."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या पाण्याने वीज आत शिरली आणि देवळामागची जागा निघाली. बोअर मारली आणि पाणी लागलं! सर आणि प्राची नाचले. मी रडलो, खोटं कशाला बोलू. सगळी वाडी त्या पाण्यात भिजत होती. काकी मात्र रिकाम्या हाताने पायवाटेने खाली निघाली.

"काकी, आता खाली कुठं?"

"पऱ्याला सांगून येते. उद्यापासनं मी यायची न्हाय."