पिवळ्या पावलांवरचा मामा

माझ्या मामाला कारखान्यात सगळे ‘टेबलफॅन’ म्हणतात. एकवीस वर्षं तो कोंबड्यांच्या खाद्याची पोती उजवीकडच्या सरकत्या पट्ट्यावरून उचलून डावीकडे रचतोय. पाय मात्र हलवायचे नाहीत! जमिनीवर पिवळ्या रंगाने दोन पावलं काढली आहेत, त्यांच्यावरच उभं राहायचं. पाऊल टाकण्यात वेळ जातो, असा कुणा दीडशहाण्याने शोध लावलाय.

गेल्या महिन्यात त्याच्या उजव्या बरगड्यांखाली कळ आली, ती जाईना. खोकला आला तरी मामा कळवळायचा. कारखान्याच्या डॉक्टरने हातही न लावता ‘गॅस’ असं लिहून त्याला परत कामावर धाडलं. माझं डोकंच फिरलं. मी फिजिओथेरपिस्ट आहे; त्याच संध्याकाळी मामाला खाटेवर आडवं करून नीट तपासलं.

“मामा, पँटच्या खिशात हात घातला की बोटं कशी तिरकी खाली जातात? पोटाच्या बाजूचा वरचा स्नायू तसाच जातो. त्याच्या आतला बरोबर उलटा तिरका. डावीकडे वळायचं तर उजवीकडचा वरचा आणि डावीकडचा आतला मिळून धड फिरवतात. पाय वळले की त्यांचं ओझं हलकं होतं. तुझा हा उजवा पार दुखावलाय.”

“अगं, पण नव्या माणसांना पाय हलवू नका म्हणून मीच शिकवतो,” मामा ओशाळून म्हणाला.

मी आकृती काढून पत्र लिहिलं: तीन आठवडे विश्रांती आणि नंतर पाय मोकळे. तेवढं झालं नाही तर हा माणूस कायमचा अधू होईल, हे मॅनेजरला तोंडावर सांगितलं.

“म्हणजे एकाच बाजूवर ताण येतोय, असंच ना?” त्याने विचारलं.

“हो, कारण तुम्ही पाय बांधून ठेवलेत!”

त्याने मान डोलावली. ‘एकाच बाजूवर ताण’ एवढंच वहीत उतरवलं आणि पेनाला टोपण लावलं.

तिसऱ्या दिवशी मामाचा फोन आला. “साहेबांनी ऐकलं गं तुझं! पट्टा डावीकडे आणला. आता पोती उजवीकडे रचायची. पावलंही नवी रंगवलीत.”

“आणि विश्रांती?”

“साहेब म्हणाले, दुसरी बाजू आरामातच होती की इतकी वर्षं!”

मामा तिकडे खुशीत हसायला लागला, आणि हसताहसताच कळ आली म्हणून थांबला.