खंडेनवमीला कसलेला स्क्रू

माझ्या सासऱ्यांना ढिली वस्तू बघवत नाही. मौद्याकडच्या वीज प्रकल्पातून फिटर म्हणून निवृत्त झाले आणि पान्यांचा डबा घेऊन मनीषनगरला आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. तेव्हापासून घरातला एकही बोल्ट सुखाने बसलेला नाही. कुकरचा दांडा, खुर्चीचे पाय, सगळं कसून झालं. स्वयंपाकघरातला नळ तर असा आवळला की वायसर कापला गेला आणि त्या दिवशी दोन्ही वेळची भांडी मी न्हाणीघरात घासली. आम्हा दोघांचं पटत नाही, हे सरळ सांगून टाकलेलं बरं.

त्यांचा सगळ्यात जास्त राग माझ्या सायकलवर. घराजवळच्या उड्डाणपुलापलीकडे एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी रक्ताचे नमुने घेते. लोक उपाशीपोटी येऊन बसलेले असतात, उशीर चालत नाही. नवरा हिंगण्याला पहिल्या पाळीला निघून गेलेला असतो, म्हणून मी गिअरची सायकल घेतली. सासऱ्यांचं म्हणणं, मी तुले स्कूटरवर सोडून देत जाईन. त्यांच्या मागे बसून, कुठे वळायचं आणि परत कधी यायचं हे त्यांच्याकडून ऐकत मला रोज कामावर जायचं नव्हतं. नकोच होतं, अजिबात नको होतं.

मागच्या वर्षी खंडेनवमीला त्यांनी नेहमीप्रमाणे पाट मांडून हत्यारं ठेवली. पूजेआधी घरातलं प्रत्येक यंत्र पुसायचं आणि त्याचे नटबोल्ट कसायचे, हा त्यांचा जुना नेम. माझ्या नवऱ्याची मोटरसायकल झाली, मिक्सर झाला, माझी सायकलही झाली. हँडलला झेंडूची माळ बघून मला, खोटं कशाला बोलू, जरा बरं वाटलं होतं.

दसऱ्यानंतर कामावर निघाले आणि पुलाचा चढ लागला. सायकलच्या मागच्या चाकाला दात्यांच्या चकत्यांची उतरंड असते. चेन सगळ्यात मोठ्या चकतीवर चढली की पाय हलके पडतात. माझा उजवा गुडघा कामातून गेलेला आहे, त्या चकतीशिवाय मला पूल चढता येत नाही. मी हँडलवरचा गिअरचा खटका दाबत राहिले, चेन काही त्या मोठ्या चकतीवर जाईना. मागून बस हॉर्न वाजवत होती. शेवटी उतरले आणि लंगडत, सायकल ढकलत पूल चढले. लॅबमध्ये रांगेतल्या सगळ्यांनी आधी घड्याळाकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

दुपारी घरी आले ती तणतणतच. सायकल दुरुस्त करायची तर मागचं चाक अधांतरी हवं, आणि आमच्या घरात टांगायला जागा एकच, गॅलरीतल्या झोपाळ्याच्या कड्या. झोपाळ्यावर सासरे पेपर वाचत बसले होते.

"मामाजी, उठा जरा. झुला काढून राहिली मी."

"काहून वं? आता काय करतं?"

"सायकल टांगतो. गेर लागून नाही राहिला."

"हे बायामाणसाचं काम हाये का? रायू दे ना. उद्यापासून मी सोडून देतो तुले स्कूटरवर."

मी झोपाळा काढून भिंतीला लावला आणि जुन्या साडीने सायकलची सीट कडीला बांधली. ते दारात उभे राहून बघू लागले.

आधी मला वाटलं, केबल सैल पडली असेल. केबल जिथे गिअरमध्ये शिरते तिथली गोल घुंडी फिरवून ती ताणली. हाताने पेडल फिरवलं तर मधल्या चकत्यांवर चेन कटकट करायला लागली, आणि मोठी चकती तशीच रिकामी. मागून सासरे म्हणाले, "बिघडवलं ना अजून?" मी घुंडी होती तशी उलटी फिरवली आणि खाली बसून गिअरकडे नीट पाहिलं.

तिथे शेजारीशेजारी दोन बारीक स्क्रू असतात. एक चेनला लहान चकतीच्या बाहेर पडू देत नाही, दुसरा मोठ्या चकतीपलीकडे, चाकाच्या तारांत जाऊ देत नाही. हा दुसरा पार आत गेला होता, म्हणून चेन मोठ्या चकतीपर्यंत पोचतच नव्हती, आणि त्याची खाच घासून चकचकीत झाली होती. पहिल्याच्या खाचेत मात्र जुनी काळी घाण तशीच बसलेली होती. सगळं कसणाऱ्या माणसाने हा पहिला तेवढा कसलाच नव्हता.

"मामाजी, हा तुम्ही कसला?"

"ढिला होता. चेन स्पोकमंधी गेली असती."

"मग हा बाजूचा काहून नाही कसला? हा ढिला नव्हता?"

 एकदम त्यांचा आवाज चढला. "लोक मले विचारतेत, सुनेले गाडी नाही देत का म्हणून! काय सांगू मी त्यायले?"

"सांगा, सून स्वतःच्या पायानं जाते म्हणून."

"पूल नाही चढली तं सायकल सोडून माह्या स्कूटरवर बसशीन, असं वाटलं मले," ते म्हणाले आणि आत निघून गेले.

  मी त्यांच्याच डब्यातला स्क्रूड्रायव्हर घेतला, तो स्क्रू थोडा थोडा सोडला आणि दर वेळी पेडल फिरवून बघितलं. चेन मोठ्या चकतीवर चढली, आवाज थांबला. जोरात फिरवूनही ती स्पोककडे गेली नाही. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना, म्हातारं माणूस हाये." मी काहीही जाऊ दिलं नाही. झोपाळा बरेच दिवस भिंतीलाच होता.

यंदा खंडेनवमीला पुन्हा पाट मांडला गेला. बाजारातून आणलेला माझा स्वतःचा स्क्रूड्रायव्हर मी त्यांच्या पान्यांच्या मधोमध ठेवला. सासरे एकेका हत्याराला हळदकुंकू लावत आले. माझ्या हत्यारापाशी त्यांचं बोट थबकलं, आणि मग सरळ पुढच्या पक्कडीवर गेलं. मी त्यांच्या हातातून करंडा घेतला आणि माझ्या स्क्रूड्रायव्हरला स्वतः कुंकू लावलं. ते सायकलकडे वळले तेव्हा मी सीट धरून आधीच तिथे उभी होते.

"तिले हात लावू नका," मी म्हटलं. "मीच कसून ठेवली हाये."